प्रास्ताविकानंतर गाणं होईल

१ जून १९८५, गडचिरोली. सकाळी आठ.

निर्णय झाला. मी पुन्हा गाणार.

नऊ वर्षांपूर्वी मी गाणं सोडलं ते वैचारिक भूमिकेतून. गाणं माणसाला डोलायला लावतं, भाषण त्याला उभं करतं. समाजाला तेव्हा उभं राहण्याची गरज होती, म्हणून मी भाषणाकडे वळलो. वडशाच्या कव्वालीच्या मुकाबल्यात जे झालं त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण माझी पत्नी मनकर्णा संबंध आहे असं म्हणते.

काल संध्याकाळी लियाकत आला. त्याचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. 'देवराव निमगडे अँड पार्टी' होती तेव्हा तो माझ्या डाव्या हाताला बसून बेंजो वाजवायचा. म्हणाला, पोरानं नागपूरले खोली घेतली, आता मले अन् नसीमले बोलावून राह्यला. चौदा ऑक्टोबरचा विहाराचा कार्यक्रम पाहून जातो. जायच्या आधी एकदा आपलं गाणं होऊ दे, देवराव. मी वाजवतो, तू म्हन. मले दुसरं काई नको.

मी त्याला गाण्याच्या सामाजिक उपयुक्ततेबद्दल थोडं सांगितलं. पाऊण तासाने तो उठला आणि विचारलं, हे हो समजू का नाई समजू?

हो म्हणालो.

संकल्प: रोज पहाटे पाचला रियाज. कोमट पाण्याच्या गुळण्या. भाषणाची निमंत्रणं ऑक्टोबरपर्यंत नाकारणे. आणि खर्रा बंद. ज्या माणसाने वाचनाच्या बळावर अर्धा जिल्हा हलवला, तो पुडीतल्या घोटलेल्या सुपारी-तंबाखूचा गुलाम असू शकत नाही.

२ जून

पाचला उठायचं होतं, सात वीसला उठलो. संकल्पाच्या उत्साहात झोप उशिरा लागली. उत्साह हे चांगलं लक्षण आहे.

कपाटावरची पेटी काढली. भाता ओढला तर आतून चार उंदरं निघाली. त्यांच्या घरट्यात मनकर्णाच्या गोधडीच्या चिंध्या आणि माझ्या 'लोकशाही आणि आपण' या भाषणाचे तुकडे. पाने तीन ते सात कुरतडलेली, पहिली दोन जशीच्या तशी. मनकर्णा म्हणाली, त्याईलेबी प्रास्ताविक नको होतं.

विनोद हे विचारांपासून पळण्याचं साधन आहे, यावर मी चामोर्शीला बोललो होतो.

एक खर्रा. धूळ घशात गेल्यामुळे.

६ जून

प्राचीन काळी एका ग्रीक वक्त्याने तोंडात गोटे ठेवून समुद्रासमोर सराव केला आणि आवाज कमावला. आपल्याकडे समुद्र नाही, कठाणी आहे. सकाळी नदीवर गेलो. पाणी घोट्याएवढं, म्हशी भरपूर. चार गोटे धुतले, तोंडात ठेवले आणि पूर्ण ताकदीने आ लावला.

तीन गोटे परत मिळाले.

मनकर्णाला सांगितलं नाही. दुपारी सहा केळी खाल्ली. तिने कारण विचारलं. शास्त्रीय आहे म्हणालो.

७ जून

रियाज नाही. वाट पाहण्यात दिवस गेला.

८ जून

प्रश्न सुटला. त्या ग्रीकाच्या चरित्रकारांनी बरंच काही लपवलेलं दिसतं.

२० जून

लियाकतने पेटीचा भाता नवा करून दिला. कातडं चिकटवता चिकटवता वडशाचा विषय काढला. म्हणाला, तू अजून त्याच रातीत बसून राह्यला, देवराव. लोकं कवाच घरी गेले.

मी त्याला शांतपणे समजावलं की वडशाला माईक बिघडला होता. तो म्हणाला, माईक माह्या होता, मीच लावला होता, आज लग्नातनी वाजून राह्यला.

वस्तुस्थिती अशी. गाणं माझंच, मीच लिहिलेलं: 'चल गड्या, ही वाट आपुली, कोणाची मेहरबानी नाही.' पहिला अंतरा उत्तम झाला. दुसरा अंतरा वरच्या सुरात सुरू होतो: 'पाण्याला विचारा एकदा, कोणाच्या ओंजळीनं बाटलं.' 'पाण्याला' वर जाऊन थांबायचं, मग खाली यायचं. त्या ठिकाणी मुखरूच्या ढोलकीचा ठेका चुकला, आणि मी तत्त्व म्हणून थांबलो. चुकीच्या ठेक्याशी तडजोड करणाऱ्यांपैकी मी नाही. तेव्हा समोरच्या पार्टीच्या चंदाबाईंनी आपल्या जागेवरून माझी ओळ उचलली आणि पूर्ण केली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कवितेला होत्या, म्हणजे मलाच होत्या.

लियाकतने भाता दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाला, हवा कुठी लीक नाई.

२ जुलै

आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. आता तीन महिने रोज संध्याकाळी वाचन, आणि वाचनानंतर महिला मंडळाची गाणी. मंडळाच्या अध्यक्ष बायनाबाई. अंगणवाडी चालवतात, आणि आम्हा सगळ्यांनाही अंगणवाडीतलेच समजतात. त्या म्हणाल्या, निमगडे मास्तर, लियाकतभाऊ सांगून राह्यले तुमी पुन्हा गानार म्हनून. म्हना आज एखादं.

उत्तम संधी. घरचेच लोक, माईक नाही, वीस-पंचवीस बाया. उठलो. गाण्याची पार्श्वभूमी कळावी म्हणून आधी दोन शब्द बोललो. पाण्याचा प्रश्न, त्याचा इतिहास, जगातल्या इतर गुलामांचे लढे, कायद्यासमोरची समानता, आणि पुन्हा पाण्याचा प्रश्न. बोलताना माझा आवाज असा लागला की मलाच भरून आलं. संपलं तेव्हा बायनाबाई सतरंजी गुंडाळत होत्या.

घरी येताना मनकर्णा म्हणाली, गानं राह्यलं. म्हणालो, गाण्यासाठी जमीन तयार केली. ती म्हणाली, नांगरूनच ठेवली तुमी. पेरा बी काई.

३ जुलै

खर्रा दोन. चिंतनासाठी.

२८ जुलै

रियाजाचा आढावा. एकूण दिवस अठ्ठावन्न. प्रत्यक्ष रियाज चार दिवस, पैकी दोन दिवस पाऊस असल्याने आवाज ऐकू आला नाही. नाकारलेली भाषणं शून्य, स्वीकारलेली अकरा. पण अकराही भाषणांत मी गाणाऱ्यासारखा श्वास घेतला. म्हणजे तो रियाजच.

भामरागडहून निमंत्रण आलं आहे. तिथल्या आश्रमशाळेत पंधरा ऑगस्टचा प्रमुख पाहुणा. माझा जुना विद्यार्थी लहानू तिथे शिक्षक आहे. जाणं भाग आहे. स्वातंत्र्य हा विषय कुणावरही सोपवता येत नाही.

१३ ऑगस्ट, भामरागड

आलापल्लीपर्यंत एसटी, हेमलकसापर्यंत जीप, पुढे चिखल, आणि शेवटी पर्लकोटा नदी लाकडी डोंग्यातून. डोंग्यात उभं राहून मी निसर्ग आणि शोषण यांवर बोलत होतो. डोंगा वल्हवणाऱ्याने खाली बसायची खूण केली. दोनदा केली. तिसऱ्यांदा हात धरून बसवलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं. पावसातही दीडेकशे लोक. बहुतेक माडिया आदिवासी, काठाकाठाच्या गावांतून चालत आलेले. माझं भाषण म्हणजे गेल्या पाच वर्षांतलं सर्वोत्तम. वीस मिनिटं झाल्यावर मी थांबलो, भाषांतरासाठी. लहानूने माझ्या वीस मिनिटांचं चार शब्दांत भाषांतर केलं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

नंतर विचारलं, काय सांगितलंस? लहानू म्हणाला, सर, पाऊस थांबला की पाहुणे जातील असं सांगितलं. लोकांले तीच काळजी होती.

संध्याकाळी नदी चढली. पलीकडचा काठ दिसेनासा झाला. आता पाणी उतरेपर्यंत कुणालाच हलता येणार नाही.

१६ ऑगस्ट

पाणी तसंच. शाळेच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये आम्ही तीसेक माणसं अडकलेलो. एकाच चुलीभोवती. भाषणाचा प्रयत्न केला. लहानू सोडला तर कुणालाच मराठी येत नाही. वक्त्यावर यापेक्षा मोठं संकट मी वाचलेलं नाही, आणि मी बरंच वाचलं आहे.

१७ ऑगस्ट

नोंद घेण्यासारखं काही नाही.

दुपारी फक्त एवढं झालं की सोमारी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने लहानूला काही विचारलं आणि सगळे हसले. मी अर्थ विचारला. लहानू आधी सांगेना. मग म्हणाला, ती विचारते, हा माणूस नुसता बोलतेच का, का याले एखादा पाटाबी येते? पाटा म्हणजे गाणं.

भाषेची अडचण असल्याने प्रास्ताविक करता आलं नाही. सरळ गायलो. डोळे बंद ठेवले. पेटी नाही, माईक नाही, मागे बॅनर नाही. दुसरा अंतरा आला कधी आणि गेला कधी ते कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा सगळे होते तिथेच होते. सोमारी चुलीत लाकूड सारत होती. तिने मान हलवली आणि तिचं गाणं सुरू केलं, मग सगळ्यांनी धरलं. पाऊस असताना असं चालायचंच.

याला कार्यक्रम म्हणता येणार नाही. स्टेज नव्हतं.

२१ ऑगस्ट, गडचिरोली

पोचलो. लियाकतने विचारलं, भामरागडले गायला का? म्हणालो, छे, फक्त भाषण. मनकर्णाने माझ्याकडे पाहिलं. लहानूचं कार्ड माझ्या आधी पोचलं होतं.

८ सप्टेंबर

पहिली तालीम, लियाकतच्या दुकानात. ढोलकीवर मुखरू. तो आता कचेरीत शिपाई आहे, पण ढोलकी मांडीवर घेतली की साहेबांसारखा बसतो. मी मोठ्या मनाने म्हणालो, मुखरू, वडशाचं मी विसरलो आहे. तो म्हणाला, मले त सारं याद आहे मास्तर. तुमी डोरे उघडले, लोकं पाह्यले, अन् तोंड उघडंच राह्यलं. मी सात आवर्तनं वाजवून राह्यलो, तुमी याल म्हनून.

त्याची स्मरणशक्ती वयोमानाने गेलेली दिसते.

लियाकतने बेंजो काळी चारला लावला. जुनी पट्टी. पेटीवरची चौथी काळी पट्टी म्हणजे आपला सा. त्या काळी मी तिथूनच गायचो. मी सुचवलं की काळी दोनवर घेऊ. बदलत्या काळाबरोबर कलावंताने बदललं पाहिजे. लियाकतने बेंजो पुन्हा जुळवला. त्याच्या चष्म्याची एक काच तडकलेली आहे, तारा जुळवताना डोकं पार खाली न्यावं लागतं.

पहिला अंतरा झाला. दुसऱ्याआधी मी त्या अंतऱ्याचं महत्त्व समजावून सांगितलं. दुकान बंद करायची वेळ झाली.

१५ सप्टेंबर

काळी एक. उंच पट्टी हा एका अर्थाने सरंजामी अहंकार आहे.

२९ सप्टेंबर

पांढरी एक. मुखरू म्हणाला, मास्तर, आनखी खाली गेले त जमिनीतच बसून गावं लागते. लियाकत हसला नाही. त्याने बेंजो बाजूला ठेवला आणि म्हणाला, देवराव, मले सांग. तुले गायचंच नसन त मी रागावनार नाई. पन मले रोज जुळवाले लावू नको.

म्हणालो, गायचंच आहे. पूर्ण विश्वासाने म्हणालो. आवाज थोडा कापला, कारण खर्ऱ्यात चुना जास्त होता.

१० ऑक्टोबर

कार्यक्रमपत्रिका छापून आली. 'धम्मचक्र प्रवर्तन दिन. सोमवार, १४ ऑक्टोबर, सायंकाळी सात. प्रास्ताविक: श्री. देवराव निमगडे सर. गीत: श्री. देवराव निमगडे आणि संच, बेंजोसाथ: लियाकतभाई.' त्याखाली अध्यक्षीय भाषण, सत्कार, आभार. माईकची परवानगी दहापर्यंत.

लियाकतने एक पत्रिका घडी करून खिशात ठेवली. म्हणाला, नागपूरले पोराले दाखवतो. त्याचा बाप बेंजोबी वाजवत होता म्हनून. सोळा तारखेला मी सामान बांधतो, सतराला निघतो.

मी बायनाबाईंना सुचवलं की प्रास्ताविक दुसऱ्या कुणाला द्यावं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मी करतो. मग मला वाटलं, बाई दमलेल्या असतील. माझ्याकडेच राहू द्या म्हणालो.

१३ ऑक्टोबर

प्रास्ताविक लिहून काढलं. तीन मिनिटांचं. घड्याळ लावून वाचलं. तीन मिनिटं दहा सेकंद. 'मित्रहो' हा शब्द काढून टाकला. आता बरोबर तीन.

मनकर्णा भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, कागद हातातून सोडू नका. कागद सोडला का तुमी गेले.

१४ ऑक्टोबर, दुपारी चार

आवाज ठीक. गुळण्या दोनदा. खर्रा सकाळपासून एकच, तोही अर्धा. लियाकत काळी चारला बेंजो लावून आला आहे. मी पट्टी खाली घ्यायला सांगितलं नाही. मनात पक्कं केलं आहे: तीन मिनिटं, मग गाणं. नऊ वर्षांचा हिशेब आज मिटणार.

१५ ऑक्टोबर

कार्यक्रम यशस्वी झाला.

सविस्तर लिहितो. मैदान भरलं होतं. मी कागद वाचायला घेतला. दुसऱ्या मिनिटाला मागे लियाकतने तारेवर हलकं बोट फिरवलं, जुळली आहे का ते पाहायला. तो सूर कानावर आला आणि माझं बोलणं वेगाने पुढे गेलं. कागद कुठे गेला सांगता येत नाही. पाण्याचा प्रश्न घेतला. जगातल्या गुलामांचे लढे घेतले. फ्रान्सला गेलो. फ्रान्सहून परत यायला वेळ लागतोच. लोक मंत्रमुग्ध होते. काही बाया झोपलेली मुलं खांद्यावर घेऊन निघाल्या, विचारांनी भारावून. कार्यक्रमाच्या अध्यक्षांकडून तीन चिठ्ठ्या आल्या. अभिनंदनाच्या असाव्यात म्हणून नंतर वाचायला खिशात ठेवल्या.

पावणेदहा वाजता थांबलो. दोन तास दहा मिनिटं. बायनाबाईंनी माईक घेतला आणि म्हणाल्या, आभार, सत्कार सगळं उद्या विहारात. आता पंधरा मिनिटं आहेत, गानं होऊ द्या. लियाकत बेंजो मांडीवर घेऊन बसलेलाच होता. मुखरूने ठेका धरला.

मी पाणी प्यायलो. मग पुन्हा पाणी प्यायलो.

तेव्हा महिलांच्या रांगेतून मनकर्णाने सुरू केलं. बसल्या जागेवरून, माईकशिवाय. 'चल गड्या, ही वाट आपुली.' सगळ्या बायांनी उचललं. वर्षावासात त्यांनी हे गाणं बसवलेलं मला माहीत नव्हतं. लियाकत वाजवू लागला. पहिला अंतरा झाला. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी बाया थांबल्या. मुद्दाम थांबल्या. मनकर्णा माझ्याकडे पाहत होती. लियाकतही. मुखरू ठेका फिरवत राहिला.

मी घड्याळाकडे पाहिलं. दहाला चार कमी. परवानगीचा भंग होऊ नये म्हणून हात जोडले आणि कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं.

नागरिकाने वेळेची मर्यादा पाळली पाहिजे.

१५ ऑक्टोबर, दुपारी

खिशातल्या चिठ्ठ्या वाचल्या. पहिली: 'कृपया आवरते घ्यावे.' दुसरी: 'आवरावे.' तिसरीवर फक्त 'गाणे' लिहिलं होतं, खाली दोन रेघा. अक्षर लियाकतचं.

१६ ऑक्टोबर

लियाकतकडे गेलो. नसीमभाभी भांडी पोत्यात भरत होत्या. बेंजो सर्वांत आधी बांधला गेला होता, जुन्या शालीत. मी परवाच्या परिस्थितीचं विश्लेषण करायला सुरुवात केली. लियाकत म्हणाला, जाऊ दे देवराव. बायांनी छान म्हटलं. मले वाजवाले भेटलं.

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

वहीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही, ही काही लोकांना वाचून दाखवायची वही नाही. वडशाला माईक चांगला होता. मुखरूचा ठेका बरोबर होता. मी डोळे उघडले, एवढी माणसं पाहिली, आणि वाटलं हे सगळे चुकीच्या माणसाकडे बघताहेत. बोलताना तसं वाटत नाही. बोलताना मी त्यांना विचार करायला लावतो. गाताना त्यांना फक्त मी दिसतो.

अर्थात हे एका क्षणाचं निरीक्षण आहे. सिद्धांत नव्हे.

उद्यासाठी निरोपाचं छोटं भाषण तयार केलं. पाच मुद्दे.

१७ ऑक्टोबर

बसस्टँड. नागपूर गाडी सातला. मी पावणेसातला पोचलो. मनकर्णाने प्रवासाला म्हणून भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली होती. लियाकत आणि नसीमभाभी खिडकीशी बसलेले. बेंजो मांडीवर.

मी खिडकीखाली उभा राहिलो आणि पहिला मुद्दा काढला. लियाकत वाकून म्हणाला, भाषन नको गड्या. तुयं सगळं मले आधीच समजते.

पाचही मुद्दे गेले. दुसरं काही जवळ नव्हतं. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं, सगळं स्टँड थरथरायला लागलं. मी डोळे मिटले आणि सुरू केलं.

पट्टी ठरवली नव्हती. लागली तिथून लागली. मुखडा झाला. इंजिनाचा आवाज वाढला, मीही वाढवला. पहिला अंतरा झाला. मुखड्यावर आलो, मग 'पाण्याला' घेतलं, वर गेलो, थांबलो. आवाज थांबला तिथे थांबला. फाटला नाही. 'कोणाच्या ओंजळीनं बाटलं' म्हणत खाली आलो, अगदी समेवर. नऊ वर्षांनी. मनात आलं, आता डोळे उघडायचे आणि लियाकतकडे पाहायचं.

उघडले.

समोर सिरोंचा गाडी उभी होती.

खिडक्यांमधून सगळे प्रवासी माझ्याकडे पाहत होते. डोक्यावर पदर घेतलेल्या एका म्हातारीने तेलुगूत काहीतरी विचारलं. नागपूर गाडीची जागा रिकामी, तिथे तेलाचा ओला डाग. कंट्रोलच्या खिडकीतला बाबू म्हणाला, मास्तर, नागपूर त गेली ना. तुमी मघा 'वाट आपुली' म्हनून राह्यले तवाच. ते बेंजोवाले भाऊ गेटापर्यंत मान बाहेर काढून होते. तुमचे डोरे बंद.

मी त्याला म्हणालो, याची मला पूर्ण कल्पना होती.

म्हातारीने पुन्हा तेच विचारलं. सिरोंचाचा कंडक्टर म्हणाला, सर, आमची गाडी सुटाले धा मिनिट आहे. आई म्हनते, थांबले काऊन.

प्रास्ताविक करावं म्हणून तोंड उघडलं. पण तेलुगू येत नाही.

दुसरा अंतरा पुन्हा म्हटला. डोळे उघडे ठेवून. सगळे माझ्याकडेच बघत होते. हातात भाकरीचं गाठोडं तसंच होतं, ते द्यायचं राहून गेलं होतं. शेवटी म्हातारीला दिलं.

२५ ऑक्टोबर

लियाकतचं कार्ड आलं. पूर्ण मजकूर असा: 'खोली ठीक आहे. पोराला पत्रिका दाखवली. दुसरा अंतरा मला ऐकू आला नाही, गाडी गेटाबाहेर पडली. पहिला आला. काळी चार होती. मी बेंजो शालीतून काढून तारेवर मिळवून पाहिली.'

लगेच उत्तर लिहायला बसलो. आधी थोडी पार्श्वभूमी आवश्यक वाटली. बारा पानं झाली, अजून जूनमध्येच आहे. ग्रीक वक्त्याचा भाग चांगला उतरला आहे.

मधल्या वेळात मनकर्णा पोस्टात जाऊन कार्ड टाकून आली. काय लिहिलं विचारलं तर म्हणाली, दोनच ओळी. 'लियाकतभाऊ, दुसराबी झाला. पहाटे पाचले उठून घरच्याइले झोपू देऊन नाई राह्यले, अन् खर्रा चालूच आहे.'